जुनेर आणि गृहशोभा

घर सजवावयाचे म्हणजे प्रथम बाजार गाठावयाचा, अशी समजूत शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत आज चांगलीच रुजली आहे. पडदे, उशांचे अभ्रे, बैठकीवरील चादरी, दारापुढील पायपुसणे, सारे विकत आणावयाचे, आणि त्यांचा रंग विटला की टाकून द्यावयाचे, असा परिपाठ पडला आहे. जुन्या कापडातून घरोपयोगी आणि शोभिवंत वस्तू शिवण्याचा छंद अलीकडे पुन्हा वाढीस लागला आहे खरा; परंतु ही कल्पना परदेशातून आली असावी, असेच पुष्कळांना वाटते. तिची नावेही परकीय भाषेतलीच असतात. वस्तुतः ही विद्या आपल्याकडे इतकी जुनी आणि इतकी घरगुती होती की, तिला विद्या म्हणावे हेच कोणाला सुचले नाही. तिचा इतिहास पाहावयाचा तर राजधान्या सोडून एखाद्या लहानशा गावाकडे वळणे सोयीचे. खानदेशातील यावल हे तसे गाव आहे.

यावल हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. दक्षिणेस तापी, उत्तरेस सातपुडा आणि मध्ये काळ्या कसदार जमिनीचा पट्टा, अशी ह्या भागाची ठेवण आहे. आज हा तालुका केळीच्या बागांसाठी ओळखला जातो. परंतु शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या त्याच्या कीर्तीची कारणे वेगळी होती. यावल गाव एके काळी जाडाभरडा देशी कागद आणि नीळ ह्यांबद्दल प्रसिद्ध होते, अशी नोंद इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात आहे. ह्याच तालुक्यातील फैजपूर हे कापडावरील छापकामासाठी आणि निळीच्या व आलीच्या रंगासाठी नावाजलेले होते. आल म्हणजे जिच्या मुळांपासून तांबडा रंग निघतो ती वनस्पती. कापूस तर साऱ्या खानदेशाचाच. कापूस, नीळ, तांबडा रंग आणि कागद ही चार नावे एका ओळीत वाचली म्हणजे त्यांत काही संबंध असेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही. परंतु शेतात उगवलेल्या कापसाचे वस्त्र होते, ते रंगते, अंगावर झिजते, घरात नाना रूपांनी वावरते आणि अखेरीस त्याच्या चिंध्यांचाही कागद होऊ शकतो, हे ध्यानात घेतले म्हणजे वस्त्राच्या साऱ्या आयुष्याची साधने ह्या एका तालुक्यात एकत्र आली होती, हे दिसून येते.

मराठीत वापरून मऊ पडलेल्या वस्त्राला ‘जुनेर’ असा सुंदर शब्द आहे. जुनेर म्हणजे चिंधी नव्हे, आणि टाकाऊ वस्तूही नव्हे. वस्त्राची एक अवस्था संपून दुसरी सुरू व्हावयाची असते, त्या संधीचे ते नाव आहे. ही दृष्टी किती पुरातन आहे, ह्याची साक्ष बौद्धांच्या विनयपिटकात मिळते. कौशांबीच्या उदयन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंद भिक्षूला पाचशे उत्तरीये दान केली. राजाला शंका आली की, एवढ्या वस्त्रांचे हा भिक्षू करणार तरी काय? दुकान का मांडणार? त्याने आनंदाला तसे विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटू, असे आनंद म्हणाला. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरील पांघरणे करू. ती जुनी झाल्यावर? त्यांच्या गाद्यांच्या खोळी करू. त्या फाटल्यावर? जमिनीवर अंथरू. ती अंथरणे गेल्यावर? त्यांची पायपुसणी करू. पायपुसणी झिजल्यावर धूळ झाडण्याची फडकी करू. आणि फडकी निकामी झाल्यावर त्यांचे तुकडे करून ते चिखलात मळू आणि त्याने जमीन सारवू. हे ऐकून राजा इतका संतुष्ट झाला की, त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

ह्या कथेतील मर्म केवळ काटकसरीत नाही. काटकसर कृपणालाही येते. येथे प्रत्येक अवस्थेत वस्त्राला त्याच्या त्या वेळच्या गुणाप्रमाणे काम दिले आहे. नव्या वस्त्राला ताकद असते, म्हणून ते अंगावर. जुन्याला मऊपणा असतो, म्हणून ते अंथरुणावर. अतिजीर्णाला केवळ तंतू उरतात, म्हणून ते मातीत. मातीत तंतू मिसळला म्हणजे लेप तडकत नाही, हे ज्ञान त्यामागे आहे. खानदेशाच्या दक्षिण सीमेवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील जगद्विख्यात चित्रे ज्या मातीच्या गिलाव्यावर रंगविली आहेत, त्यातही वनस्पतींचे तंतू आणि भुसा मिसळलेला आढळतो. भिंत धरून ठेवण्याचे काम त्या तुच्छ वस्तूंनी शतकानुशतके केले आहे.

आनंदाने राजाला जो क्रम सांगितला, तोच थोड्याफार फरकाने मराठी घरांत चालत आला. नऊवारी लुगडे प्रथम सणासुदीला, मग नित्याच्या वापराला. ते मध्ये विरले म्हणजे विरलेला भाग कापून काढावयाचा आणि दोन्ही चांगली टोके जोडून त्याला दंड घालावयाचा. असे दंड घातलेले लुगडे आणखी काही काळ अंगावर टिके. तेही झिजले की त्याचे खरे दुसरे आयुष्य सुरू होई. मऊ भागाची बाळाची दुपटी, झबली आणि कुंची. तान्ह्या बाळाला नवे करकरीत कापड घालू नये, जुनेरच घालावे, हा आजीबाईंचा दंडक होता. आणि त्यात शहाणपण होते, कारण अनेकदा धुतलेल्या सुती कापडातील खळ आणि खरखर निघून गेलेली असते. राहिलेल्या भागाची गोधडी. त्याहून लहान तुकड्यांची बस्करे, पिशव्या आणि बटवे. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावरचा दादरा, दुधाचे गाळणे, डोक्यावरच्या घागरीखालची चुंबळ, आणि सर्वांच्या शेवटी चुलीजवळचे पोतेरे. देवळातील काकडाही जुन्या कापडाचाच वळलेला असे. म्हणजे घरातील वस्त्र सर्वांत खालच्या पायरीवर पोतेरे होई, आणि त्याच वेळी त्याचा दुसरा तुकडा देवापुढे जळत असे.

ह्या साऱ्यांत गोधडीचे स्थान विशेष आहे. संस्कृतातील कंथा ती हीच. मराठीत तिला वाकळ असेही म्हणतात, आणि हिंदीतील गुदडी हा तिचाच सोयरा शब्द. गोधडीचे माप मुळात लुगड्याने ठरविलेले आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. लुगड्याची लांबी चार वेळा दुमडली की पावणेसात फूट होते, आणि पन्हा सुमारे पावणेचार फूट असतो. उंच माणसालाही पुरेल असे चारपदरी अंथरूण एका लुगड्यात आपोआप तयार होते. कात्री लावावी लागत नाही. दोन लुगडी घेतली म्हणजे आठ पदर होतात, आणि ती गोधडी थंडीच्या रात्रीही ऊब देते. सातपुड्याच्या पायथ्याशी उन्हाळा जितका कडक, तितक्या हिवाळ्यातील रात्री गार. एकच गोधडी उन्हाळ्यात अंगाखाली आणि हिवाळ्यात अंगावर, अशी दोन्ही ऋतूंत कामास येई.

कृती साधी, पण तिला शिस्त आहे. प्रथम सर्व कापड स्वच्छ धुऊन वाळवावयाचे. सपाट जमिनीवर खालचा पदर ताणून पसरावयाचा. त्यावर भरणाचे तुकडे असे मांडावयाचे की, कोठे जाड आणि कोठे पातळ होऊ नये. वर चांगल्या रंगाचा पदर घालावयाचा. कच्चे टाके घालून थर जागच्या जागी बसवावयाचे. मग कडा आत दुमडून कडेपासून धावदोरा सुरू करावयाचा आणि चौकोनात चौकोन घालीत मध्याकडे यावयाचे. टाका लहान असावा, ओळी जवळ असाव्यात आणि दोरा फार ओढू नये. ओढला की कापड चुण्या धरते. धावदोरा हा शिवणकामातील पहिला धडा. त्याच्यापलीकडे गोधडीला काही लागत नाही. जिला अक्षर येत नव्हते, जिच्याजवळ सुई-दोऱ्याखेरीज एकही साधन नव्हते, अशी कोणतीही स्त्री गोधडी शिवू शकत असे. तिच्या प्रसाराचे रहस्य ह्या सुलभतेत आहे.

सुलभ असले तरी ह्या कामात सौंदर्यदृष्टी नव्हती असे मुळीच नाही. वरच्या पदरावर कोणता तुकडा कोठे बसवावयाचा, हा निर्णय शिवणारीचा असे. फैजपूरच्या रंगाऱ्यांनी दिलेले दोन मुख्य रंग, निळीचा गर्द निळा आणि आलीचा तांबडा, हेच तिचे मूळ रंगसाहित्य. लुगड्याचे काठ वाया न घालविता ते चौकटीसारखे चहूबाजूंनी लावले की गोधडीला आपोआप किनार मिळे. पुढे शिंप्यांच्या दुकानांत शिवणयंत्रे आली आणि कातरण साचू लागले, तेव्हा चौकोन, त्रिकोण, फुले असे नाना आकार गोधडीवर उमटले. दिवसा घडी घालून ठेवलेल्या गोधड्यांची चवड ही साध्या घरातील भिंतीची शोभाच असे. पाहुणा आला की त्यातली सर्वांत चांगली खाली उतरे. गृहशोभा आणि उपयुक्तता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद ह्या घरांना माहीत नव्हता.

गरज सारखी असली म्हणजे दूरदूरच्या माणसांचे हातही सारखे चालतात. जपानच्या अतिउत्तरेकडील थंड प्रांतात कापूस पिकत नसे. तेथे दक्षिणेकडून जहाजांनी येणारे जुने सुती कापड गोरगरीब विकत घेत आणि ते तुकड्यावर तुकडा ठेवून धावदोऱ्याने शिवीत. ‘बोरो’ ह्या नावाने ओळखली जाणारी ती निळीत रंगविलेली ठिगळांची वस्त्रे आज संग्रहालयांत जपून ठेवली आहेत. आपल्या शेजारच्या कर्नाटकात सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. तीही कडेपासून आत येणाऱ्या टाक्यांची असते. बिहारात ‘सुजनी’ आहे. बंगालमध्ये ‘कांथा’ आहे, आणि तिच्यासाठी लागणारा रंगीत दोरासुद्धा जुन्या साडीच्या काठातून उसवून काढीत. खानदेशची गोधडी ह्या मोठ्या कुळातील एक कन्या आहे.

वस्त्र आणि लेखन ह्यांचे नातेही असेच जुने आहे. अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) ह्यांनी आपला पंचीकरण हा ग्रंथ कागदावर न लिहिता पासोडीवर लिहिला. पासोडी म्हणजे पांघरावयाचे जाड सुती वस्त्र. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशी ती पासोडी आजही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक आश्चर्य मानली जाते. दासोपंतांनी वस्त्राचा थेट कागद केला. कागदी लोक तेच काम फिरून करीत. दख्खनमधील देशी कागदाचा कच्चा माल म्हणजे जुने गोणपाट, तागाचे तुटके दोर, चिंध्या आणि रद्दी. हा माल चुन्याच्या पाण्यात भिजवावयाचा, पायाने चालणाऱ्या उखळीत कांडावयाचा, नदीत धुवावयाचा, हौदात कालवून त्याचा थर गवती चाळणीवर उचलावयाचा, ओले ताव गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवावयाचे, खळ लावून दगडाने घोटावयाचे. असा जाडाभरडा, पण चिवट कागद व्यापाऱ्यांच्या चोपड्यांना उत्तम. यावलप्रमाणेच खानदेशात एरंडोल हेही त्याचे मोठे ठिकाण होते. जे कोणाच्याच कामाचे नाही असे वाटे, त्यावर सावकाराचा हिशेब आणि पाटलाचा करार लिहिला जाई.

ही साखळी तुटली कशी? ती एका दिवशी तुटली नाही. एकेक कडी निसटत गेली. १८६९ च्या सुमारास युरोपात डांबरापासून कृत्रिम तांबडा रंग तयार होऊ लागला आणि आलीच्या मुळांची मागणी खचली. १८९७ साली जर्मनीतील कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणली, आणि आधीच उतरणीस लागलेल्या नैसर्गिक निळीचा व्यापार बसला. गिरण्यांचा यांत्रिक कागद स्वस्त झाला आणि कागद्यांची उखळे थांबली. १८६० नंतरच्या दशकात आगगाडी खानदेशात आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–१८६५) येथील कापसाला अकल्पित भाव आला, आणि जळगावास व पुढे अमळनेरास कापडाच्या गिरण्या निघाल्या. कापड मुबलक झाले, ही निःसंशय इष्ट गोष्ट होती. ज्यांच्या अंगावर पुरेसे वस्त्र नव्हते त्यांना ते मिळू लागले. परंतु रंगारी गेला, कागदी गेला, आणि ह्या साऱ्या परंपरेचे ओझे घरात बसून गोधडी शिवणाऱ्या एकट्या स्त्रीवर येऊन पडले. साखळीतील तीच एक कडी टिकली, कारण तिला बाजाराची मागणी लागत नव्हती.

शहरांत निराळाच प्रकार घडला. रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी स्त्रियांना शिवणकाम शिकवून स्वावलंबनाचा मार्ग दाखविला. १९३० साली निघालेल्या ‘स्त्री’ मासिकासारख्या नियतकालिकांनी सुशिक्षित गृहिणीला नवी दृष्टी दिली. हे कार्य मोलाचे होते. तथापि शिवण आणि भरतकाम हे शाळेतील विषय झाले तसे त्यांत उच्चनीच भाव शिरला. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, चौकटीत बसविलेले भरतकाम दिवाणखान्यात आले. गोधडी माजघरातच राहिली. पाहुण्यांच्या दृष्टीस ती पडू नये, अशी काळजी घेतली जाऊ लागली. उरलेले जुने कपडे बोहारणीला देऊन त्यांवर भांडी घेण्याची रीत शहरात रूढ झाली. बोहारीण ते कपडे निवडी, दुरुस्त करवी आणि गरिबांच्या बाजारात विकी. म्हणजे वस्त्राची पुढची आयुष्ये चालूच राहत, फक्त ती मालकिणीच्या नजरेआड जात. शहरातील घराला एक पातेले मिळाले, आणि त्याच्या मोबदल्यात जुनेराची विद्या घराबाहेर गेली.

अशा वेळी, ज्या तालुक्यात ह्या विद्येची सारी साधने एके काळी एकवटली होती, त्याच तालुक्यात तिला राष्ट्रीय मान्यता मिळावी, हा इतिहासातील चमत्कारिक योग म्हटला पाहिजे. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रसभेचे अधिवेशन फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले हे राष्ट्रसभेचे पहिलेच अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते; खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी ह्यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते त्यासाठी झटले. अधिवेशननगराच्या शोभेचे काम गांधीजींनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बसू ह्यांजकडे सोपविले, आणि अट अशी घातली की, खेड्यात मिळणारे साहित्य आणि खेड्यातील कारागीर ह्यांवरच सारे भागवावयाचे. बांबू, चटया, गवत, माती आणि खादी ह्यांतून ‘टिळकनगर’ उभे राहिले. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी बैलांचा रथ सजविला गेला. शेजारी खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते. शहरातून आलेल्या पुढाऱ्यांनी आणि लाखो खेडुतांनी ती शोभा पाहिली. तिच्यात बाजारातून आणलेली मौल्यवान वस्तू जवळजवळ नव्हती.

नंदलाल बसूंनी फैजपुरात जे केले ते स्वरूपाने मोठे, पण तत्त्वतः घरगुतीच होते. हाताशी असलेली वस्तू पाहावयाची, तिचा स्वभाव ओळखावयाचा आणि तिला साजेल अशा जागी बसवावयाची. गोधडी शिवणारी बाई हेच करीत आली होती. नंदबाबू ज्या बंगालमधून आले, तेथे ह्याच सुमारास कांथेकडे विद्वानांचे लक्ष वळले होते. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) हे सनदी अधिकारी खेडोपाडी हिंडून कांथा गोळा करीत होते. १९३९ साली स्टेला क्रामरिश ह्या विदुषीने कांथेवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यामुळे बंगालच्या कांथेला कलेच्या इतिहासात स्थान मिळाले. महाराष्ट्रातील गोधडीच्या वाट्याला त्या काळी असे भाग्य आले नाही.

पुढे थोड्याच वर्षांत महायुद्धाने धनिक राष्ट्रांनाही हाच धडा गिरवावयास लावले. ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण आले आणि ते मार्च १९४९ पर्यंत टिकले. १९४३ साली तेथील सरकारने जुने कपडे दुरुस्त कसे करावे, पडद्याचा झगा आणि झग्याचा अभ्रा कसा करावा, ह्याची पत्रके काढून देशभर वर्ग चालविले. आपल्या देशातही १९४३ साली कापड आणि सूत ह्यांवर नियंत्रणाचा हुकूम निघाला. फरक इतकाच की, इंग्रज गृहिणीला जे सरकारी पत्रकातून शिकावे लागले, ते यावलच्या गृहिणीला तिच्या आईने शिकविले होते.

परंतु ह्या परंपरेचे गुणगान करताना एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. ठिगळ हे सर्वांनाच भूषण नव्हते. दंड घातलेले लुगडे नेसून चारचौघांत जाताना कित्येक स्त्रियांची मान खाली जात असे. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) चिंध्यांचे वस्त्र आपण होऊन अंगीकारले, आणि लोक त्यांना आदराने ‘गोधडे महाराज’ म्हणू लागले. पण जिने ते वस्त्र निरुपायाने नेसले तिला कोणी आदराचे नाव दिले नाही. गोधडीला पैसा लागत नसे असे आपण सहज म्हणतो. पैसा लागत नसे हे खरे. पण शेतातील काम, दळण, पाणी आणि स्वयंपाक आटोपल्यावर उरलेला वेळ तिला लागत असे, आणि त्या वेळेची किंमत कोणत्याही चोपडीत मांडलेली नाही. देशी कागदावरील असंख्य हिशेब आज दप्तरखान्यांत सुरक्षित आहेत. गोधडीचा हिशेब कोठेही नाही.

तिचा पुरावाही टिकला नाही. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची पैठणी संग्रहालयात सापडते, कारण ती जपून ठेवलेली असते. गोधडी मात्र वापरून संपविण्यासाठीच केलेली असते. फाटली की तिच्यावर नवा पदर चढे, किंवा तीच दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाई. नवरात्रापूर्वी घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे नदीवर धुवावयास नेत, आणि दर वर्षीच्या त्या धुण्याने ती थोडी थोडी झिजत जात. म्हणून एखाद्या घरात जुनी गोधडी असेल तर तिच्याकडे इतिहासाच्या साधनासारखे पाहिले पाहिजे. तिच्या थरांत कोणाचे लग्नातले लुगडे, कोणाचे धोतर, कोणाचे लहानपणीचे परकर असतात. वरचा पदर विरला की खालचा डोकावतो, आणि घरातील वडील माणूस जिवंत असेल तर तो तुकडा कोणाचा हे सांगू शकतो. ते माणूस गेले की मात्र कापड राहते आणि नाव जाते. आजीने शिवलेल्या गोधडीतील तुकड्यांची नावे आजच विचारून लिहून ठेवणे, हे सुशिक्षित घराला सहज करता येण्याजोगे इतिहासकार्य आहे.

आता ही विद्या पुन्हा घरात आणावयाची तर कोठून आरंभ करावा? इतिहास त्याचे उत्तर देतो: वस्त्राचा गुण पाहून. आजच्या घरातील जुन्या कपड्यांचा पुष्कळ भाग कृत्रिम धाग्यांचा असतो. तो घाम टिपत नाही, पाणी शोषत नाही, धावदोऱ्याखाली निसटतो आणि मातीत कुजतही नाही. अशा कापडाचे अंथरूण किंवा पायपुसणे करण्यात अर्थ नाही. त्याच्या बाजाराच्या पिशव्या, बैठकीच्या खोळींची बाहेरची बाजू किंवा दारावरील तोरण होऊ शकते. सुती कपडे मात्र वेगळे काढावेत. जुन्या सुती साडीचा पदर आणि काठ जसेच्या तसे ठेवून खिडकीचा पडदा होतो. तिला वरच्या बाजूस दांडीपुरती नेफ्यासारखी दुमड घातली की काम संपले. सदऱ्याच्या पाठीचा उशीला उत्तम अभ्रा होतो, आणि पुढच्या बाजूची गुंड्यांची पट्टी तशीच ठेवली तर अभ्र्याला वेगळे बंद लावावे लागत नाहीत. चार-पाच पदरांचे हातभर चौरस बस्कर शिवून पाहावे. त्यात धावदोरा सरळ चालू लागला की गोधडीचे भय वाटत नाही. आणि ज्याचे काहीच होणार नाही अशा सुती चिंध्यांचाही कागद होतो, हे विसरू नये. १९४० साली पुण्यात स्थापन झालेल्या हातकागद संस्थेने कापडाच्या चिंध्यांपासूनच उत्तम कागद करून दाखविला आणि यावल-एरंडोलच्या जुन्या धंद्याला नव्या काळात मार्ग काढून दिला.

ह्या वस्तू घरच्या सर्वांनी मिळून कराव्यात, एकट्या गृहिणीच्या फावल्या वेळावर त्या सोडू नयेत. पूर्वीच्या रीतीत सुधारणा करावयाची असेल तर ती येथेच करावयास हवी. मुलाला सुईत दोरा ओवता आला आणि वडिलांना कच्चे टाके घालता आले, तर त्यात कमीपणा काही नाही. पाचशे वस्त्रांचा हिशेब राजाला देणारा आनंद हा पुरुषच होता, आणि कौशांबीच्या त्या संघातील पायपुसणी भिक्षूंनी आपल्याच हातांनी केली होती. घरातील जुने कपडे गाठोड्यात बांधून दाराशी ठेवण्यापूर्वी ते एकदा जमिनीवर पसरावेत, हात लावून पाहावेत आणि उदयनाने विचारलेला प्रश्न विचारावा, की आता ह्यांचे काय? त्या प्रश्नाला अजूनही पाच-सहा चांगली उत्तरे आहेत.